मूल्यमापकाची पूर्वपीठिका : जे. पी. नाईक यांच्या मूल्यमापनपर लेखनाची चिकित्सा

प्रस्तावना

शैक्षणिक अहवाल वाचण्याची आपली एक ठरलेली रीत आहे. शिफारशी कोणत्या, त्यांपैकी किती स्वीकारल्या गेल्या, निधी किती मिळाला, असे प्रश्न आपण विचारतो. अहवाल लिहिणारी व्यक्ती कोणत्या वाटेने त्या कामापर्यंत आली, आधी तिने काय केले होते आणि काय केले नव्हते, हा प्रश्न मात्र परिचयाच्या चार ओळींत संपतो. पदव्या, पदे, पुरस्कार यांची यादी झाली की आपले समाधान होते. वास्तविक एखादी योजना यशस्वी झाली की फसली, हे ठरवताना मूल्यमापक जे पुरावे ग्राह्य धरतो आणि जे पुरावे त्याला सुचतही नाहीत, त्यांचा उगम बहुधा त्याच्या व्यावसायिक आयुष्यात असतो.

प्रस्तुत लेखात हा प्रश्न जे. पी. नाईक (१९०७-१९८१) यांच्या लेखनाच्या संदर्भात तपासला आहे. कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव म्हणून ते सर्वांना परिचित आहेत. युनेस्कोने जगभरातील शिक्षणविचारवंतांची जी चरित्रमाला प्रसिद्ध केली, तीत गांधीजी व रवींद्रनाथ यांच्याबरोबर त्यांचा समावेश आहे. मराठीत त्यांच्याविषयी आदराने लिहिले गेले आहे आणि ते योग्यच आहे. परंतु हे लेखन बव्हंशी गौरवपर आहे. त्यांची साधी राहणी, नाममात्र मानधनावर केलेली सेवा, अखंड कार्यमग्नता यांच्या आठवणी वारंवार सांगितल्या जातात आणि त्यांच्या पुस्तकांतील युक्तिवाद मात्र न तपासता बाजूला राहतो. ज्या माणसाने आयुष्यभर इतरांच्या अहवालांची कठोर छाननी केली, त्याच्या लेखनाची छाननी न करणे हा त्याचा सन्मान म्हणता येणार नाही.

नाईक यांनी 'द एज्युकेशन कमिशन अँड आफ्टर' या १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात, ज्या आयोगाचे ते स्वतः सचिव होते त्याच आयोगाचे मूल्यमापन केले. आपणही आज महाविद्यालयांमध्ये आपल्याच कामाचे मूल्यमापन करणारे अहवाल लिहीत असतो. त्यामुळे हा विषय केवळ इतिहासाचा राहत नाही.

व्यावसायिक जडणघडण

नाईक यांचे मूळ नाव विठ्ठल हरी घोटगे. जन्म कोल्हापूर जिल्ह्यातील बहिरेवाडीचा. स्वातंत्र्यचळवळीत कारावास भोगल्यानंतर तीसच्या दशकात ते धारवाडजवळच्या उप्पिन बेटगेरी या खेड्यात जाऊन राहिले. तेथे त्यांनी साक्षरता, प्राथमिक शिक्षण व ग्रामसुधारणेचे काम केले. पुढे कोल्हापूर संस्थानच्या प्रशासनात काम, गारगोटी येथील मौनी विद्यापीठाच्या उभारणीत पुढाकार, १९४८ मध्ये मुंबईत भारतीय शिक्षण संस्थेची स्थापना, त्यानंतर केंद्रीय शिक्षण मंत्रालयात सल्लागार, १९६४ ते १९६६ कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव आणि १९६९ पासून जवळजवळ दशकभर भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेचे सदस्य-सचिव, असा हा प्रवास आहे. १९७६ मध्ये भारतीय शिक्षण संस्था पुण्यास हलली आणि अखेरची वर्षे ते तेथे होते.

या क्रमाकडे नीट पाहिले असता दोन गोष्टी जाणवतात. एक, संशोधक होण्यापूर्वी ते कार्यकर्ते होते; खेड्यातील शाळा त्यांनी निरीक्षकाच्या भेटीपुरती पाहिली नव्हती, तिच्या शेजारी ते राहिले होते. दोन, संशोधक झाल्यावर त्यांच्या कामाची जागा उत्तरोत्तर कार्यालयाकडे सरकत गेली. खेडे, संस्थान, राज्य, मंत्रालय, आयोग, परिषद अशी ही चढण आहे. प्रत्येक पायरीवर दृष्टीचा पल्ला वाढला. त्याचबरोबर पाहण्याचे एककही बदलले. उप्पिन बेटगेरीत ते एक गाव होते. दिल्लीत ते 'व्यवस्था' झाले. नाईक यांच्या लेखनातील बळ आणि उणीव या दोहोंचा उलगडा या स्थलांतरातून होतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

हार्टोग अहवाल : मूल्यमापकाचे मूल्यमापन

सय्यद नुरुल्ला यांच्यासमवेत नाईक यांनी लिहिलेला ब्रिटिशकालीन भारतीय शिक्षणाचा इतिहास १९४३ मध्ये प्रसिद्ध झाला. बी. एड.च्या कित्येक पिढ्यांनी तो पाठ्यपुस्तक म्हणून वाचला आणि त्यामुळेच कदाचित त्यातील वादाची धार कोणाच्या लक्षात राहिली नाही. या ग्रंथातील १९२९ च्या हार्टोग समितीविषयीचे विवेचन आपल्या विषयाच्या दृष्टीने मोलाचे आहे.

सायमन आयोगाला साहाय्यक म्हणून नेमलेल्या या समितीने प्राथमिक शिक्षणातील गळती व स्थगन या संकल्पना आपल्याकडे रूढ केल्या. १९२२-२३ मध्ये पहिलीत असलेल्या प्रत्येक १०० मुलांपैकी १९२५-२६ मध्ये चौथीत केवळ १८ पोहोचली, हा तिचा प्रसिद्ध आकडा होय. यावरून समितीने असा निष्कर्ष काढला की शाळांची संख्या वाढविण्यापूर्वी आहे त्या शाळा सुधारल्या पाहिजेत. विस्तारापेक्षा दृढीकरण महत्त्वाचे. सरकारी पक्षाने हा निष्कर्ष उचलून धरला. बिनसरकारी पक्षाने, ज्याच्या परंपरेत गोखल्यांचे सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक बसते, त्याला विरोध केला. नुरुल्ला-नाईक यांची सहानुभूती या दुसऱ्या पक्षाकडे होती. याच काळात रा. वि. परुळेकर यांनीही मोठ्या प्रमाणावरील शिक्षणप्रसाराची बाजू आकडेवारीनिशी मांडली होती.

१८ हा आकडा स्वतः खोटा नव्हता, पण त्यातून काढलेला अर्थ सदोष होता. पहिलीच्या वर्गात त्या काळी अल्पवयीन मुले, वर्षाच्या मध्येच दाखल झालेली मुले, आणि त्याच वर्गात दोन-तीन वर्षे बसलेली मुले यांची एकत्र गणना होई. तीन वर्षांनी चौथीत नसलेला मुलगा शाळेतून गेला असेल किंवा अजून दुसरीत बसलेला असेल. आकडा दोघांनाही एकाच रकान्यात टाकतो. शिवाय शाळा उघडून दोन वर्षेही न झालेल्या गावात चौथीचा वर्ग असणार कुठून? मोजणीतील ही सरमिसळ ज्याने खेड्यातील हजेरीपट प्रत्यक्ष पाहिला आहे त्याला चटकन कळते.

आता मूल्यमापकाच्या पूर्वपीठिकेचा विचार करू. फिलिप हार्टोग हे मुळात रसायनशास्त्रज्ञ. लंडन विद्यापीठाचे शैक्षणिक कुलसचिव म्हणून त्यांनी दीर्घकाळ काम केले आणि त्यानंतर ते ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. विद्यापीठाच्या चष्म्यातून शिक्षणाकडे पाहणाऱ्या प्रशासकाला मधेच शाळा सोडणारे मूल हे 'वाया गेलेले' खर्चाचे एकक वाटावे, यात नवल नाही. दोन वर्षे शाळेत काढून जेमतेम सही करू लागलेले मूल ज्या घरात पहिलेच असेल त्या घरात त्याला कोणी वाया गेलेले म्हणणार नाही. नाईक हे वेगळ्या वाटेने आले होते म्हणून त्यांना या निष्कर्षातील मेख दिसली. मूल्यमापन हे धोरणाचे हत्यार कसे होते, याचे इतके स्पष्ट उदाहरण आपल्या शैक्षणिक इतिहासात दुसरे सापडणे कठीण.

आपल्यापुढील खरा प्रश्न येथून सुरू होतो. जी कसोटी हार्टोग यांना लावता येते ती चाळीस वर्षांनंतरच्या नाईक यांना लावली तर काय दिसते?

आयोग आणि त्यानंतर

कोठारी आयोगाची नियुक्ती जुलै १९६४ मधील. २ ऑक्टोबर १९६४ रोजी त्याने कामास आरंभ केला आणि २९ जून १९६६ रोजी अहवाल सादर केला. बारा कृतिदल व सात कार्यगट, देशभरातील दौरे आणि नऊ हजारांवर व्यक्तींच्या मुलाखती असा त्याचा पसारा होता. एवढ्या सामग्रीला एका अहवालाचे रूप देण्याचे काम सदस्य-सचिवाच्या वाट्याला आले. समान शाळा पद्धती व शेजारशाळा, शाळासमूह, कार्यानुभव, दहा-दोन-तीनचा आकृतिबंध, शिक्षकांचे वेतन, शिक्षणावरील खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्क्यांपर्यंत नेणे, या सर्व शिफारशी आपल्या परिचयाच्या आहेत. १९६८ मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आले आणि त्यात यांपैकी काही उतरल्या, काही नावापुरत्या उरल्या.

'द एज्युकेशन कमिशन अँड आफ्टर' हा ग्रंथ नाईक यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाला. आयोगाची पार्श्वभूमी, त्याची कार्यपद्धती, अहवालाचे झालेले स्वागत आणि नंतरच्या काळातील अंमलबजावणी असा त्याचा आवाका आहे. एम. फिल.च्या अभ्यासाच्या निमित्ताने हा ग्रंथ प्रथम वाचला तेव्हा त्यातील माहितीच्या श्रीमंतीने थक्क व्हायला झाले होते. शासकीय निर्णय प्रत्यक्षात कसे होतात, एखादी शिफारस कोणत्या टप्प्यावर अडते, तिच्यामागे कोणाचे हितसंबंध उभे राहतात किंवा राहत नाहीत, हे आतून पाहिलेल्या माणसालाच लिहिता येते. शिक्षकांच्या वेतनवाढीच्या शिफारशीला संघटित पाठिंबा होता, म्हणून ती पुढे गेली. समान शाळा पद्धतीला ज्यांचा लाभ होणार होता ते संघटित नव्हते आणि जे संघटित होते त्यांची मुले खासगी शाळांत होती. आयोगाने परिवर्तन, गुणवत्ता आणि विस्तार अशी तीन अंगे एकत्र गुंफली होती. प्रत्यक्षात विस्तार तेवढा आपल्या गतीने होत राहिला आणि उरलेली दोन अंगे मागे पडली. हे विश्लेषण आजही टिकून आहे.

आयोगाच्या उणिवांची चर्चाही नाईक यांनी टाळलेली नाही. स्वतःच्या कामाविषयी इतक्या अलिप्तपणे लिहिणारे आपल्याकडे थोडे. तरीही ग्रंथाचा मुख्य भर एका प्रश्नावर आहे : शिफारशींचे पुढे काय झाले? आणि येथेच नियोजकाची पूर्वपीठिका जाणवू लागते. आराखडा करणारा मूल्यमापक झाला की अपयशाचा शोध तो आराखडा आणि अंमलबजावणी यांच्यातील अंतरात घेतो. आराखड्यातील गृहीतच चुकले असेल ही शक्यता त्याच्या दृष्टीने दुय्यम ठरते. ६ टक्क्यांची शिफारस या दृष्टीने तपासण्यासारखी आहे.

१९६५-६६ ते १९८५-८६ या वीस वर्षांत शिक्षणावरील खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या २.९ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर, म्हणजे स्थिर किमतींना दरडोई १२ रुपयांवरून ५४ रुपयांवर जावा, असे आयोगाचे गणित होते. या गणिताच्या पायाशी राष्ट्रीय उत्पन्न दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढेल हे गृहीत होते. साठच्या व सत्तरच्या दशकांत भारतीय अर्थव्यवस्थेची वाढ सरासरी साडेतीन टक्क्यांच्या आसपास राहिली. वीस वर्षांच्या चक्रवाढीत ६ टक्के आणि साडेतीन टक्के यांतील फरक केवढा होतो, हे कोणालाही ताडून पाहता येईल : एका दराने उत्पन्न तिपटीहून अधिक होते, दुसऱ्याने दुप्पट होते. म्हणजे राज्यकर्त्यांनी ६ टक्क्यांचा वाटा अक्षरशः दिला असता तरीही दरडोई ५४ रुपयांचे शिक्षण उभे राहिले नसते. याला अंमलबजावणीतील कुचराई म्हणता येत नाही. तरीही आपल्या चर्चाविश्वात कोठारी आयोगाचे नाव निघाले की 'शिफारशी उत्तम, पण अंमलबजावणी झाली नाही' हे वाक्य पाठोपाठ येते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही ६ टक्क्यांचा आणि शाळासमूहांचा पुनरुच्चार आहे. चोपन्न वर्षे एकच शिफारस पुन्हा पुन्हा करावी लागते, तेव्हा केवळ 'इच्छाशक्तीचा अभाव' या उत्तरावर समाधान मानणे अभ्यासकाला शोभत नाही.

दुसरी अडचण अधिक नाजूक आहे. आयोगाचा अहवाल सादर झाल्यानंतर नाईक मंत्रालयातच सल्लागार होते. १९६८ चे धोरण आकाराला आले तेव्हा ते दूर कोठे बसलेले निरीक्षक नव्हते. शिफारस करणारा, तिच्या स्वीकाराच्या प्रक्रियेत वावरणारा आणि अखेर तिचे मूल्यमापन करणारा, अशा तीन भूमिका एकाच व्यक्तीत आल्या. यात कोणताही अप्रामाणिकपणा नाही. परंतु ग्रंथ वाचताना 'शासनाने केले नाही' या आशयाच्या प्रत्येक विधानापाशी वाचकाने थांबून विचारले पाहिजे की येथे शासन म्हणजे नेमके कोण, आणि लेखक त्या वेळी कोठे होता. नुरुल्ला-नाईक यांचा इतिहास वाचताना सरकारी व बिनसरकारी असे दोन पक्ष स्पष्ट दिसतात. १९८२ च्या ग्रंथाचा लेखक मात्र दोन्ही पक्षांत एकाच वेळी उभा आहे.

वर्गातील मूल

कोठारी अहवाल सादर झाला त्याच सुमारास, जुलै १९६६ मध्ये, अमेरिकेत जेम्स कोलमन यांचा शैक्षणिक समान संधीविषयीचा अहवाल प्रसिद्ध झाला. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानुसार हे काम समाजशास्त्रज्ञांच्या गटाकडे सोपविले गेले होते. सुमारे चार हजार शाळा आणि सहा लाखांवर विद्यार्थी यांची पाहणी करून त्यांनी मुले प्रत्यक्षात किती शिकली हे चाचण्यांनी मोजले. शाळेच्या साधनसामग्रीपेक्षा मुलाच्या घरची परिस्थिती आणि वर्गसोबती यांचा संपादनाशी अधिक निकटचा संबंध दिसतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्याच्या संख्याशास्त्रीय पद्धतीवर नंतर बरेच वाद झाले आणि अनेक आक्षेप रास्त होते. शिवाय अमेरिकेतील वर्णभेदाचा प्रश्न आणि आपला सार्वत्रिक प्राथमिक शिक्षणाचा प्रश्न यांची सरळ तुलना होऊ शकत नाही. तथापि दोन अहवालांतील एक फरक मूलभूत आहे. कोलमन यांनी संधीची व्याख्या शिकण्याच्या फलितावरून तपासली. कोठारी आयोगाने व्यवस्थेच्या रचनेवरून ती मांडली.

नाईक यांच्या नंतरच्या लेखनातही हीच रचनावादी दृष्टी कायम राहिली. 'द इल्युझिव्ह ट्रँगल' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९७५ च्या त्यांच्या पुस्तकात समानता, गुणवत्ता व संख्या या तीन बाजूंचा ताण त्यांनी मांडला. संकल्पना म्हणून ती इतकी समर्पक आहे की आज तिच्याशिवाय शिक्षणधोरणावर बोलणे अवघड जाते. मात्र या त्रिकोणाच्या तीन बाजूंपैकी संख्या मोजता येते, समानता प्रवेशाच्या प्रमाणावरून अंदाजता येते, गुणवत्तेचे काय? तेथे नाईक शिक्षकांची पात्रता, अभ्यासक्रम, सोयी, मानके यांविषयी बोलतात. तिसरीतील मुलाला परिच्छेद वाचता येतो का, हा प्रश्न या चौकटीत उद्भवत नाही.

असा प्रश्न विचारण्याची परंपराच आपल्याकडे नव्हती, असे म्हणून सुटका करून घेता येणार नाही. धनंजयराव गाडगीळ आणि वि. म. दांडेकर यांनी सातारा जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षणाविषयी केलेल्या दोन पाहण्यांचा अहवाल गोखले संस्थेने १९५५ मध्ये प्रसिद्ध केला होता. शाळा सोडून गेलेल्यांची साक्षरता पुढे टिकते की विरते, हा त्यातील एक विषय होता. म्हणजे हजेरीपट बाजूला ठेवून माणसापर्यंत जाण्याचा हा प्रयत्न होता. १९६३ मध्ये अ. रा. कामत व देशमुख यांनी पुणे विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांच्या संदर्भात महाविद्यालयीन गळतीचा अभ्यास केला. पुढे गाडगीळ हेच सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेचे पहिले अध्यक्ष आणि नाईक तिचे सदस्य-सचिव होते. सातारच्या पाहणीची पद्धत आणि दिल्लीतील नियोजनाची पद्धत एकाच संस्थेत शेजारी बसल्या होत्या. तरी नियोजनाच्या मुख्य प्रवाहात पहिली पद्धत मिसळली नाही. याचे कारण एका व्यक्तीत शोधणे अन्यायाचे होईल. पाचवीपर्यंतची शाळा प्रत्येक वस्तीत पोहोचवणे हेच ज्या पिढीचे काम होते, तिला शाळेत आल्यावर मूल शिकतेच, असे गृहीत धरणे भाग पडले असावे.

त्या गृहीताची किंमत नंतर कळली. 'प्रथम' या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून 'असर' ही पाहणी सुरू झाली. एक साधा परिच्छेद, काही अंक, वजाबाकी आणि भागाकार एवढ्या साहित्यानिशी स्वयंसेवक घरोघर गेले. २०१८ च्या पाहणीत ग्रामीण भारतातील पाचवीच्या जेमतेम निम्म्या मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता. या पद्धतीवरही आक्षेप आहेत. शिक्षणाचा संकोच वाचन व अंकगणितापुरता होतो, ही टीका अगदीच निराधार नाही. पण कोठारी अहवालानंतर चाळीस वर्षांनी, कोणत्याही आयोगाविना, एका कागदावर छापलेल्या परिच्छेदाने जे दाखवले ते त्या अहवालाच्या शेकडो पृष्ठांत आणि १९८२ च्या मूल्यमापनातही नव्हते. नाईक यांच्याच खेड्यातील पूर्वायुष्याकडे पाहता ही अनुपस्थिती अधिक खटकते. उप्पिन बेटगेरीच्या शाळेशेजारी राहणाऱ्या कार्यकर्त्याला असला प्रश्न सहज पडला असता.

अनौपचारिक शिक्षणाचा पेच

सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात नाईक यांचा कल अनौपचारिक शिक्षणाकडे वळला. 'सम पर्स्पेक्टिव्ह्ज ऑन नॉन-फॉर्मल एज्युकेशन' हे पुस्तक १९७७ चे. दिवसा काम करणाऱ्या मुलांना दिवसाची शाळा देणे म्हणजे त्यांना शिक्षण नाकारणे होय, हा युक्तिवाद प्रामाणिक होता. परंतु समान शाळा पद्धतीसाठी ज्यांनी लेखणी झिजवली त्यांनीच गरिबांच्या मुलांसाठी वेगळा, लहान मुदतीचा, अर्धवेळ शिक्षकावर चालणारा मार्ग सुचवावा, यातील विसंगती दृष्टिआड करता येत नाही. पुढे १९८६ च्या धोरणात हा मार्ग अधिकृत झाला आणि अनेक ठिकाणी तो दुय्यम दर्जाच्या शिक्षणाचे सभ्य नाव ठरला. नियोजकाने आपल्याच पहिल्या शिफारशीचे अपयश गृहीत धरून दुसरी शिफारस केली, असे याचे वर्णन करता येईल.

तरीही याच वळणावर एक असा प्रयोग घडला की ज्यात वर सांगितलेली उणीव भरून निघताना दिसते. १९७९ पासून भारतीय शिक्षण संस्थेने चित्रा नाईक यांच्या नेतृत्वाखाली पुणे जिल्ह्यातील खेड्यांत शाळाबाह्य मुलांसाठी रात्रीचे वर्ग चालवले. वर्गांत मुलींचे प्रमाण मोठे होते. मुलांची प्रगती तपासण्यासाठी तेथे 'बालजत्रा' भरवली जाई. गावोगावची मुले एकत्र येत, आणि वाचन, लेखन, गणित यांची तपासणी खेळ व गाण्यांच्या ओघात, आईबापांच्या समक्ष होई. परीक्षेची भीती जावी हा हेतू त्यात होताच. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे वर्गात काय शिकवले गेले याचा निवाडा अहवालाऐवजी जत्रेच्या मांडवात, गावासमोर होत होता. मायकेल स्क्रिव्हन यांनी १९६७ मध्ये जो भेद मांडला आणि जो आज आपण आकारिक व संकलित मूल्यमापन या नावांनी शाळेत शिकवतो, त्याच्या भाषेत सांगायचे तर १९८२ चा ग्रंथ संकलित मूल्यमापन आहे आणि बालजत्रा आकारिक. एकाच संस्थेतून, जवळजवळ एकाच काळात दोन्ही निर्माण व्हावीत ही घटना अभ्यासकांच्या नजरेतून निसटली आहे. चित्रा नाईक यांची पूर्वपीठिका शिक्षक-प्रशिक्षण व ग्रामीण शिक्षण यांतील होती, हे येथे नोंदवणे आवश्यक आहे. आपण त्यांचा उल्लेख बहुतेक वेळा जे. पी. नाईक यांच्या संदर्भातच करतो. मूल्यमापनाच्या इतिहासात त्यांचे स्थान स्वतंत्रपणे तपासले गेले पाहिजे.

स्वमूल्यमापन आणि आपण

राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद, म्हणजे नॅक, १९९४ मध्ये स्थापन झाली आणि महाविद्यालयांच्या जगात स्वयं-अध्ययन अहवाल हा शब्द आला. आज प्राध्यापकवर्गातील फार थोड्या व्यक्ती अशा असतील की ज्यांनी या अहवालाच्या एखाद्या निकषाची माहिती जुळवली नाही. शिकवणारे, योजना राबवणारे आणि तिचे मूल्यमापन लिहिणारे आपणच असतो. नाईक यांच्या तीन भूमिका लहान प्रमाणावर प्रत्येक अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षात एकवटलेल्या आहेत. २०१७ च्या सुधारित चौकटीत संख्यात्मक निकषांना अधिक वजन देण्यात आले आणि विद्यार्थी समाधान सर्वेक्षणाचीही भर पडली. परंतु समाधान मोजणे आणि शिकणे मोजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. किती चर्चासत्रे झाली, किती सामंजस्य करार झाले, किती प्राध्यापकांनी उजळणी वर्ग पूर्ण केले, याची गणती निर्दोष असूनही द्वितीय वर्ष कला शाखेतील विद्यार्थ्याला एक पान सलग युक्तिवाद लिहिता येतो का, हे त्यातून कळत नाही.

या अहवालात संस्थेची बलस्थाने, उणिवा, संधी व आव्हाने मांडण्याची जागा असते. उणिवांचा भाग जेव्हा जेव्हा वाचनात येतो तेव्हा त्यात रिक्त पदे, अपुरे अनुदान, ग्रामीण परिसर, विद्यार्थ्यांची आर्थिक स्थिती अशी कारणे आढळतात. ती सर्व खरी असतात. ती सर्व महाविद्यालयाच्या बाहेरची असतात. आपला अभ्यासक्रम, आपली अध्यापनपद्धती, आपण गृहीत धरलेला विद्यार्थी चुकीचा असू शकेल, अशी नोंद त्या भागात क्वचितच येते. कोठारी आयोगाच्या शिफारशी उत्तम होत्या आणि अंमलबजावणी फसली, या सार्वत्रिक निवाड्याची ही स्थानिक आवृत्ती आहे. फरक असलाच तर तो नाईक यांच्या बाजूने आहे. त्यांच्या ग्रंथावर त्यांचे नाव आहे, आणि मूल्यमापन करणारा हाच आयोगाचा सचिव होता हे वाचकाला पहिल्या पानापासून ठाऊक असते. आपल्या अहवालांवर प्राचार्यांची सही आणि संस्थेचा शिक्का असतो. उणिवांचा तो अर्धा परिच्छेद कोणी, कोणत्या अनुभवाच्या बळावर लिहिला, याची नोंद कोठेच होत नाही.